सुरतेचा किल्ला आणि मातीचे गावकूस

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला आधी आठवते ती सुरतेची लूट. आम्ही सुरतेत राहणारी मंडळी मात्र या शब्दापाशी जरा अडखळतो. खानदेशातून तापीच्या ओघाबरोबर यावे तशी येऊन उधना-लिंबायतकडे स्थिरावलेली आमची कुटुंबे. मुले घरात मराठी बोलतात, गल्लीत गुजराती. ‘लूट’ हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच; बोलताना आवाज तेवढा बदलतो. घरात तो पराक्रमाचा, शेजारी दुखऱ्या आठवणीचा. यात खरे कोणते, असे मुलांनी विचारले की मी त्यांना चौकबाजारातल्या, तापीकाठच्या जुन्या किल्ल्याकडे नेतो.

हा किल्ला मराठ्यांच्या धाकाने बांधलेला नव्हे. त्या काळी धाक होता समुद्राचा. १५३० साली पोर्तुगीजांनी सुरत जाळली. पुढे गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या कारकिर्दीत खुदावंदखान ऊर्फ ख्वाजा सफर याने १५४६ च्या सुमारास हे काम पुरे केले. जमिनीच्या बाजूंना पाण्याचा खंदक, दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले आणि सांध्यांत वितळलेले शिसे ओतलेले, असे वर्णन जुन्या तवारिखांत आहे. बांधकाम थांबवावे म्हणून पोर्तुगीजांनी पैसा देऊ केला, तोही खानाने नाकारला, असे त्याच तवारिखा सांगतात. १५७३ मध्ये सुमारे दीड महिन्याच्या वेढ्यानंतर अकबराने हा किल्ला घेतला.

किल्ला असा भक्कम, पण शहराभोवती काय होते? मातीचे गावकूस! जगाचा व्यापार जिथे उतरत होता, मक्केच्या यात्रेकरूंची गलबते जिथून सुटत होती, त्या मोगली बंदराला एवढाच आडोसा.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. शाइस्ताखानाने पुणे प्रांतात तळ ठोकून मुलूख उद्ध्वस्त केला होता. त्या खर्चाची भरपाई मोगलांच्या श्रीमंत शहरातून करायची, हा त्यामागचा हिशेब. सुभेदारी थाटात मिरवणारा इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. तिथून त्याने महाराजांवर मारेकरी घातला आणि तोफा डागल्या. त्या तोफांनी नुकसान झाले ते बहुतांशी शहराचेच, असे इंग्रज वखारवाल्यांच्या नोंदी सांगतात. वीरजी व्होराची पेढी लुटली गेली, शहराचा मोठा भाग जळाला. मात्र फादर ॲम्ब्रोझचा मठ आणि एका दिवंगत दानशूर दलालाचे घर महाराजांनी वगळले, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकणे म्हणजे इतिहास नव्हे.

महाराजांनी किल्ला घेतला नाही. त्यांना तो घ्यायचाही नव्हता. त्या लढाईत किल्ला शाबूत राहिला आणि शहर लुटले गेले. दगडी भिंतीआड सत्ता सुरक्षित होती, कर भरणारी रयत उघड्यावर होती. बादशहाने शहराला विटांचा कोट बांधवला तो या घटनेनंतर. तरीही ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले आणि सुरतेच्या व्यापाराला पुन्हा धक्का बसला. पुढे मुंबईचे बंदर फोफावले.

१७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, आणि बरीच वर्षे त्यावर इंग्रजांचे निशाण व मोगलांचे निशाण शेजारी शेजारी फडकत राहिले! सुरतेच्या उत्पन्नात पेशव्यांचा आणि गायकवाडांचाही वाटा होता. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी आपला हक्क सोडला. १८६२ मध्ये किल्ल्यातली फौज काढून सरकारी कचेऱ्या आल्या. आता महापालिकेने डागडुजी करून तिथे संग्रहालय केले आहे. आपली मुले तिकीट काढून ते पाहायला जातात.

त्यांना मी एवढेच सांगतो : हा किल्ला ना आपल्या अभिमानाचा पुरावा, ना शेजाऱ्याच्या दुःखाचा. राज्यकर्त्याने आधी कोणाला वाचवले, ते तो सांगतो. दगडी भिंती जतन होतात; मातीचे गावकूस कधी विरून गेले, याची कोणी फारशी आठवण ठेवत नाही. आपले पूर्वज आणि शेजाऱ्यांचेही, बहुतेक सगळे, राहत होते ते त्या मातीच्या आडोशाला.