कधी सुरू, कधी बंद : मोटरसायकलच्या एका लहरी दुखण्याचा इतिहास

यंत्र पूर्णपणे बंद पडले तर त्याची नोंद होते. कोणता भाग गेला, कधी बदलला, किती पैसे लागले, हे सारे कोणाच्या तरी वहीत उतरते. जे यंत्र आज बंद पडते आणि उद्या आपले आपण सुरू होते, त्याची नोंद मात्र कोठेच राहात नाही. मोटरसायकलचा जो इतिहास आपल्याकडे लिहिला गेला, तो कारखान्यांचा, परवान्यांचा आणि जाहिरातींचा आहे. सकाळी सुरू न होणाऱ्या आणि दुपारी निमूट सुरू होणाऱ्या गाडीला त्यात जागा नाही. या लेखात आम्ही त्या गाडीचा माग काढू पाहतो.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, हळद आणि कापूस यांवर जगतो. अशा गावातून हिंगोलीच्या बाजारात हळदीचा भाव पाहायला जायचे, पोराला परीक्षेला सोडायचे किंवा रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर दाराशी उभी असलेली दुचाकी हेच हाताशी असलेले साधन. कायमची बिघडलेली गाडी निदान फसवत तरी नाही. माणूस शेजाऱ्याची मागतो, जीप पाहतो. कधी सुरू होणारी आणि कधी न होणारी गाडी दर वेळी आशा लावते आणि नेमक्या वेळी दगा देते. मालक ती ढकलत मिस्त्रीकडे नेतो, ‘सकाळच्या पारी चालूच होईना गेली’ म्हणून सांगतो, मिस्त्री किक मारतो आणि गाडी पहिल्या किकेला सुरू होते. पुढचे मिस्त्रीचे ‘आता तर घेतेय की, दादा’ हे वाक्य मराठवाड्यात कोणाला सांगावयास नको. त्या वाक्यात मालक खोटा ठरतो. दोष नाही तो नाहीच, वर साक्षीदाराची पत जाते.

रॉबर्ट पिरसिग या अमेरिकी लेखकाने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकात या प्रकारच्या बिघाडाला स्वतंत्र जागा दिली आहे. दुरुस्तीची उमेद खचवणाऱ्या गोष्टींची जी मांडणी तो करतो, तीत हा येतोजातो बिघाड आहे. पिरसिग काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत होता, हे आपल्याकडे आवर्जून सांगितले जाते. आमच्या मते त्याचे खरे महत्त्व त्या तत्त्वज्ञानात कमी आणि प्लगवरच्या काजळीकडे पाहण्याच्या त्याच्या पद्धतीत अधिक आहे. असो.

मुळात गाडी सुरू करणे हे फार काळ अंगमेहनतीचे काम होते. सुरुवातीच्या मोटरसायकली पेडल मारून किंवा धावत ढकलून सुरू कराव्या लागत. पायाने मारावयाची किक रूढ करण्याचे श्रेय इंग्लंडच्या आल्फ्रेड स्कॉट यांना दिले जाते. ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरची गोष्ट. ठिणगीचा प्रश्न त्याआधीच सुटत आला होता. १९०२ च्या सुमारास बॉश कंपनीच्या होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, आणि बॅटरीवाचून ठिणगी पडू लागली. किकेने मॅग्नेट फिरवायचा, त्याने वीज निर्माण करायची, तिची ठिणगी प्लगवर पडायची आणि त्याच क्षणी सिलिंडरात पेट्रोल व हवा योग्य प्रमाणात हजर असायची. या साखळीतील एकच कडी सैल असेल तर गाडी एकदा सुरू होते, एकदा होत नाही.

स्वतंत्र भारतात ही साखळी सामान्य माणसाच्या पायाखाली आली ती १९६० च्या दशकात. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली होती आणि म्हैसूरला जावा तयार होऊ लागली होती. महाराष्ट्रात पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने इटलीच्या पियाजिओच्या सहकार्याने स्कूटर काढली. हे सहकार्य १९७१ साली संपले आणि १९७२ साली ‘चेतक’ आली. त्याच वर्षी फिरोदियांची ‘लुना’ अहमदनगरला जन्माला आली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि वाट पाहून मिळालेली गाडी सकाळी हट्टाला पेटे. तरी तिला कोणी टाकून देत नसे. मग तिचे रुसवे सांभाळण्याची एक घरगुती विद्याच तयार झाली.

त्या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध विधी म्हणजे स्कूटर एका अंगावर कलवून मग किक मारणे. महाराष्ट्रातील एका पिढीने वडिलांना अंगणात स्कूटरसमोर हे करताना पाहिले आहे. त्यामागे काहीच नव्हते असे नाही. कलवल्याने कार्बोरेटरातील पेट्रोलाची पातळी हलते आणि मिश्रण क्षणभर दाट होऊ शकते. परंतु जी गाडी एरवीही तिसऱ्या किकेला सुरू झालीच असती, तिचे श्रेयही कलवण्याला मिळे. १९४८ साली बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील एक निबंध प्रसिद्ध केला. दाणे ठरावीक अंतराने, कबुतराच्या वागण्याशी काहीही संबंध न ठेवता टाकले, तरी कबुतरे त्या आधीच्या आपल्या हालचालीला चिकटून बसत. कोणी गिरक्या घेई, कोणी मान हलवी. स्किनरने याला अंधश्रद्धा म्हटले. अधूनमधून सुरू होणारी गाडी आपल्याला नेमकी या कबुतरांच्या जागी आणते. कोणी चावी दोनदा फिरवतो, कोणी टाकीवर थाप मारतो, कोणी गाडी मागेपुढे हलवतो, आणि ती सुरू झाली की तो उपाय कुटुंबात वारशाने चालू राहतो.

परंतु याच दुखण्याने अंधश्रद्धेबरोबर तिचा उताराही जन्माला घातला, आणि तो रस्त्याकडेच्या मिस्त्र्यांनी घडवला. चांगला मिस्त्री ‘काय झाले?’ हे विचारीत नाही. तो ‘केव्हा होते?’ हे विचारतो. सकाळी की दुपारी? गाडी गार असताना की वीस किलोमीटर पळाल्यावर? पावसानंतर की धुतल्यावर? हँडल कोणीकडे वळवलेले होते? वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे प्रश्न परके वाटू नयेत. निवेदक विश्वासार्ह नसेल, तर संहिता टाकून न देता निवेदनाच्या परिस्थितीची चौकशी करावी, ही शिस्त आपणही शिकवतो.

यातील प्रत्येक प्रश्नामागे एक ठोस कारण उभे आहे. राजदूत, येझदी आणि जुन्या स्कूटरी यांत ठिणगी ‘पॉइंट’वर अवलंबून असे. धातूच्या दोन टोकांची ही उघडझाप, मधले अंतर साधारण ०.४ मिलिमीटर. टोके जळून खडबडीत झाली, किंवा त्यांना जपणारा कंडेन्सर गरम झाल्यावर निकामी होऊ लागला, की गाडी गार असताना नीट आणि तापल्यावर मुकी. मग ती सावलीत अर्धा तास उभी करावी, आणि ती पुन्हा जिवंत. उलट प्रकार प्लगचा. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलातच ऑइल मिसळलेले, त्यामुळे प्लगच्या टोकांवर काजळी साचते आणि ठिणगी उडी न घेता काजळीतून वाहून जाते. म्हणून राजदूतवाला डिकीत प्लगपाना व जादा प्लग बाळगी, आणि दाराशी गाडी लावून तो पॉलिश पेपरने घासत बसे. हँडलचा प्रश्न वायरिंगचा. हँडल हजारो वेळा वळते, त्याच्या मानेजवळ तांब्याची तार वरचे आवरण शाबूत असताना आतून तुटते. हँडल डावीकडे असता ती जुळते, उजवीकडे असता सुटते. डोळ्यांना काही दिसत नाही.

आमच्या मते या दुखण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात आहे. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. धुळीने ते बुजले, की जसजसे पेट्रोल खाली उतरते तसतशी टाकीत पोकळी तयार होते, आणि काही अंतर गेल्यावर पेट्रोल उतरणेच थांबते. गाडी बंद पडते. मालक उतरतो, पेट्रोल आहे का म्हणून झाकण उघडून पाहतो. हवा आत जाते. झाकण लावून किक मारली की गाडी सुरू. पाहण्यानेच पुरावा नाहीसा झाला! निष्कर्ष निघतो की ‘कचरा आला होता, गेला’, आणि दहा किलोमीटरवर तोच खेळ पुन्हा. ‘कचरा आला’ हे मराठी गॅरेजमधले सर्वांत सोयीचे स्पष्टीकरण आहे. ते बहुधा खोटे ठरवता येत नाही, हाच त्याचा दोष.

कचऱ्याचा आणखी एक अर्थ मात्र गंभीर आहे. पेट्रोलात रॉकेल मिसळले तर थंड सकाळी गाडी सुरू होत नाही, कारण रॉकेलची वाफ सहज होत नाही. ऊन चढल्यावर तीच गाडी सुरू होते. हिवाळ्यातल्या असंख्य ‘लहरी’ गाड्यांची लहर अशी पंपावर किंवा टँकरमध्ये जन्मली असेल. हा व्यवहार किती खोल होता ते २५ जानेवारी २०११ रोजी दिसले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलाची भेसळ रोखू पाहताना जाळून मारण्यात आले. गाडी सकाळी का घेत नाही, या प्रश्नाच्या एका टोकाला हा मृत्यू आहे. मालकाच्या पायात जोर नाही म्हणून हसणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

१९८० च्या दशकाच्या मध्यात जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या. हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, आणि पाठोपाठ १९८६ साली बजाजची कावासाकी केबी १००. या पिढीबरोबर पॉइंट गेले आणि सीडीआय नावाची बंद काळी डबी आली. गाड्या निश्चितच अधिक विश्वासू झाल्या. जुन्या गाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. परंतु ज्ञानाची वाटणी बदलली. पॉइंट घासता येत असे, डबी फक्त बदलता येते. साहजिकच खेड्यातल्या मिस्त्रीची पद्धत दुसऱ्या गाडीची डबी लावून पाहण्याची झाली. दोष रोज हजर असेल तर ती उत्तम पद्धत आहे. येताजाता दोष असेल, तर नवी डबी लावल्याच्या दिवशी गाडी योगायोगाने नीट चालते आणि जुनी, निर्दोष डबी भंगारात जाते. पैसे मालकाचे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, बहुतेक मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला आणि पेट्रोलाचे प्रमाण संगणक ठरवू लागला. अनेक गाड्यांना आता किकच नाही. त्यामुळे बॅटरीचे सैल टर्मिनल, साइड स्टँडचा मळलेला स्विच, बटणात शिरलेले पावसाचे पाणी, हे सारे गाडी ‘मेल्या’सारखेच दिसते, आणि पायाने पडताळा घेण्याची सोय उरलेली नाही. पेट्रोलही बदलले, २०२५ पर्यंत देशात इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी जास्त झाले की त्याच्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहिलेली गाडी म्हणूनच पहिल्या दिवशी रुसते व पेट्रोल भरून हलवली की चालते.

नव्या गाडीला एक गोष्ट मात्र खरोखर मिळाली. बिघाड होऊन गेला तरी त्याचा सांकेतिक क्रमांक संगणक जपून ठेवतो, आणि स्कॅनर जोडला की तो वाचता येतो. साक्षीदार म्हणून मालकाला जे कधी मिळाले नाही ते यंत्राला मिळाले. ‘आता तर घेतेय की’ असे स्कॅनरला कोणी म्हणत नाही. पण तो स्कॅनर शहरातल्या कंपनीच्या दुकानात असतो, आणि साखऱ्याहून तेथवर जायला गाडी आधी सुरू व्हावी लागते. शिवाय संगणकाला फक्त त्याच्या तारेवर असलेल्या भागांचेच कळते. चासीला जोडलेल्या अर्थिंगचा बोल्ट गंजून सैल झाला आणि संगणकाचाच वीजपुरवठा क्षणभर गेला, तर त्या क्षणाची नोंद तो कशी करणार? तेथे मिस्त्रीला पुन्हा मालकाकडेच वळावे लागते आणि विचारावे लागते, की दादा, नेमकी केव्हा घेत नव्हती?