जुनी बँक : जमा आणि नावे

पालघर-बोईसरची सगळ्यात जुनी बँक कोणती, असं विचारलं की लोक पाटी शोधतात. दार कोणत्या साली उघडलं, फीत कोणी कापली. मी पाटी नसलेल्या बँकेपासून सुरुवात करतो. ती सावकाराच्या ओटीवर होती. एक गादी, एक लाल वही. आपला माणूस खाली अंगणात, उभा.

तिचा धंदा सरळ होता. आषाढात वारल्याच्या घरातलं भात संपायचं. तो खावटी उचलायचा. कापणी झाली की मणाला दीड मण, कुठं दुप्पट. उरलेलं भात पुढच्या आषाढापर्यंत पुरायचं नाही. पुन्हा ओटी.

लग्नासाठी पैसा घेतला तर तारण काय? जमीन आधीच गेलेली. मग नवरा-बायकोच तारण. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज फिटेपर्यंत मालकाकडं राबायचं. आणि फिटलं की नाही हे ठरवणार कोण? वही सावकाराची, अक्षर सावकाराचं, वाचणाराही तोच. बाप मेला की पोरगा राबायला हजर.

वहीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. आपल्या माणसांची नावं कागदावर आली ती या नावेच्या बाजूला. दुसरीकडं कोण लिहून ठेवणार होतं?

हे चाललं होतं तेव्हा देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा होऊन गेला होता, १९०४ साली. १९२३ ला बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ लंडनला छापून निघाला. १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. ओटीवरची बँक मात्र जागची हलली नाही.

ती हलवली खातेदारांनीच. २३ मे १९४५ ला, आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर सोबत होते. वेठ बंद, लग्नगडी मोकळे, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. ही बँक बुडवायला आपल्या लोकांनी रक्त दिलं, हे कोणत्या बँकेच्या स्मरणिकेत छापलंय?

मग १९ जुलै १९६९. १४ बँका सरकारच्या झाल्या. त्याच ऑक्टोबरात तारापूरची अणुवीज सुरू झाली. बोईसरला एमआयडीसी आली, कारखान्यांमागून शाखा आल्या. १९७२ ला गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना निघाली. कागदावर झकास. आमच्या वस्तीतला एकजण अर्ज घेऊन एका शाखेत गेला. पहिला सवाल : जामीनदार कोण? म्हंजे ओटी गेली, काउंटर आलं. उभं राहणं तेच.

१९७६ ला वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. १९७८ ला सरकारनं स्वतःच खावटी कर्ज सुरू केलं. सावकाराचा शब्द सरकारी कागदावर चढला, यावरून समजा भूक किती जुनी. ऑगस्ट २०१४ मध्ये १ तारखेला पालघर जिल्हा झाला, २८ ला जनधन आली. खातं निघालं. खात्यात काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

दोस्तहो, ओटीवरच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, काही मुद्दाम जाळल्या असतील. ज्यांना आठवतं ती माणसं थकली. त्यांच्याकडं जा. विचारा, किती मणाला किती मण? आजा कुणाकडं राबला, किती वर्षं? लिहून आणा. स्टेन्सिल आम्ही कापू.

या वेळी वही आपली, अक्षर आपलं.