चित्रफितींचे दप्तर

परप्रांतात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक सर्वप्रथम कागदपत्रांची चौकशी करतो. सनदा, कुलवृत्तान्त, पत्रव्यवहार, उत्सवांचे अहवाल, नाटकांची हस्तपत्रके ही त्याची नेहमीची साधने. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांसाठी मात्र त्याला आणखी एका साधनाची दखल घ्यावी लागेल, असे आम्हांस वाटते. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, पुस्तकांच्या मागच्या रांगेत किंवा माळ्यावरच्या पेटीत पडून असलेल्या व्हिडिओ कॅसेट आणि चकत्या हे ते साधन होय. आवडीचे चित्रपट घरी जमवण्याच्या या छंदाकडे आजवर केवळ करमणूक म्हणून पाहिले गेले. वस्तुतः कोणत्या घराने कोणती भाषा किती काळ जपली, याचा तो पुरावा आहे. आणि हा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे.

या छंदाचा इतिहास फार जुना नाही. सोनी कंपनीने १९७५ साली बेटामॅक्स आणि जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस ही पद्धत जपानात बाजारात आणली. भारतात तिचा प्रसार झाला तो १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास. रंगीत दूरदर्शन आले आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर आला. हे यंत्र तेव्हा सामान्य संसाराला परवडणारे नव्हते. ते एका दिवसाच्या भाड्याने आणायचे, शेजारीपाजारी बोलवायचे आणि रात्रभरात तीन चित्रपट पाहून सकाळी परत करायचे, अशी रीत पडली. मुंबईत शेमारू या नावाने १९६२ साली पुस्तकांचे फिरते वाचनालय सुरू झाले होते. त्याच संस्थेने १९७९ साली व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्यास प्रारंभ केला. पुस्तकाचे वाचनालय आणि चित्रपटाचे वाचनालय यांचे नाते असे प्रारंभापासूनचे आहे.

आमच्या सुरतेपुरते बोलायचे तर १ मे १९६० या दिवसाने येथील मराठी कुटुंबांचे सांस्कृतिक जीवन एका वेगळ्या वळणावर आणून सोडले. तोवर मुंबई आणि सुरत एकाच राज्यात होती. त्यानंतर मराठी चित्रपटाचा हक्काचा बाजार सीमेपलीकडे राहिला आणि येथील पडद्यावर स्वाभाविकपणे हिंदी व गुजराती चित्रपटांचे राज्य आले. ही उणीव कॅसेटने भरून काढली. फ्लाइंग राणीने मुंबईहून आणि ताप्ती लाइनने खानदेशातून येणाऱ्या नातलगांच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी एखादी चित्रफीत असे. उधना-लिंबायतकडे गिरणी-कारखान्यांच्या निमित्ताने आलेले खानदेशी कुटुंब असो, वा शहराच्या जुन्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले घराणे असो, मुलांच्या कानावर मराठी बोल पडावेत ही त्यामागची इच्छा सारखीच होती. शाळेत गुजराती, बाजारात हिंदी आणि घरातल्या पडद्यावर मराठी, अशी ती विभागणी होती.

परंतु या कपाटांत केवळ मराठीच चित्रपट होते असे नाही, आणि हीच त्यांची खरी श्रीमंती आहे. मुळात मराठी चित्रपट जन्मापासून एकभाषिक नव्हताच. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि ख्रिस्तचरित्रावरील परदेशी चित्रपट पाहून त्यांना चित्रपटनिर्मितीचा ध्यास लागला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ साली पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीने बोलपटाचा काळ येताच अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) ही त्याची ठळक उदाहरणे. हे आवाज बदललेले चित्रपट नव्हेत. प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र चित्रण झाले होते.

म्हणून यांपैकी एकच प्रत घरात असणाऱ्याजवळ अर्धाच चित्रपट आहे, असे म्हणावे लागते. ‘शेजारी’मध्ये हिंदू गृहस्थाची भूमिका केशवराव दाते यांनी, तर मिर्झांची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली. ‘पडोसी’त जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू पंडिताच्या भूमिकेत मजहर खान आले. हिंदू नट मुसलमानाच्या आणि मुसलमान नट हिंदूच्या भूमिकेत, ही व्ही. शांताराम यांची योजना केवळ हिंदी चित्रपटातच दिसते. फाळणीच्या अवघी सहा वर्षे आधी केलेल्या या योजनेचे मोल मराठी प्रत पाहून कळणार नाही आणि केशवरावांचा जिवबा हिंदी प्रत पाहून भेटणार नाही. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील ‘कुंकू’त शांता आपटे यांची नायिका लाँगफेलो यांची इंग्रजी कविता गाते, ‘माणूस’मधील शांता हुबळीकर यांचे प्रसिद्ध गाणे तर अनेक भाषांतून फिरून येते. भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चित्रपट परके वाटत नाहीत, याचे कारण त्यांतच आहे.

गुजरातीच्या बाबतीतही हेच दिसते. ‘पांडू हवालदार’ने महाराष्ट्र गाजवणाऱ्या दादा कोंडके यांनी पुढे ‘चंदू जमादार’ हा गुजराती चित्रपट केला. केतन मेहता यांच्या ‘भवनी भवाई’त (१९८०) स्मिता पाटील आहेत. गुजरातच्या ५ लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) हिंदी आहे, त्याची भूमी गुजराती आहे आणि त्याच्या लेखनात विजय तेंडुलकर यांचा हात आहे. हे तीन चित्रपट एका फळीवर ठेवले, की सुरतेतील मराठी घराचे चित्रच तयार होते.

देशाबाहेरच्या प्रती जमवणाऱ्यांची वाट याहून खडतर होती. भारतात दूरदर्शनची पाल पद्धत, अमेरिकेत व जपानात एनटीएससी, फ्रान्समध्ये सेकाम. सुरतेहून अमेरिकेतील लेकीकडे पाठवलेली कॅसेट तिथल्या साध्या यंत्रावर चालत नसे आणि तिकडून आलेली इकडे. १९९६ साली डीव्हीडी आली, ती जगाचे विभाग पाडूनच. अमेरिका पहिल्या विभागात, युरोप व जपान दुसऱ्या, भारत पाचव्या. एका विभागाची चकती दुसऱ्या विभागाच्या यंत्राने नाकारावी, अशी ती व्यापारी तटबंदी होती. तरीही रसिकांनी सर्व विभाग वाचणारी यंत्रे मिळवली, कारण आपल्याच देशातील चित्रपटांच्या उत्तम प्रती अनेकदा परदेशातून येत. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. २०१५ साली त्यांचे पुनरुज्जीवन झाले ते अमेरिकेतील व इटलीतील संस्थांच्या सहकार्याने. बंगालचा चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह, अमेरिकेची चकती, आणि प्रेक्षक तापीकाठचा मराठी. इतका लांबचा प्रवास पूर्वी फक्त पुस्तकेच करीत.

स्वस्ताईचाही एक काळ येऊन गेला. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणे सोपे झाले. ती कंपनी २०१८ साली अवसायनात गेली. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले. फीत घरात आहे पण ती वाचणारे यंत्र नाही, अशी स्थिती त्यामुळे आली.

येथे कोणी विचारील, की चित्रपटांचे जतन हे शासनाचे आणि संस्थांचे काम. घरगुती कॅसेटला एवढे महत्त्व कशासाठी? त्याचे उत्तर इतिहासच देतो. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांतील जेमतेम तीस उरले आहेत आणि तेही बरेचसे अपुरे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्ध्या शतकाने. तोवर जे टिकले ते बहुतांशी घरांतून आणि गोदामांतून. संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांनी फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष शोधले, तेव्हा ते फाळके कुटुंबीयांच्या दारी गेले होते. प्रभात बंद पडल्यावर तिच्या चित्रपटांचे हक्क पुन्हा मिळवून ते सांभाळले विष्णुपंत दामले यांच्या कुटुंबाने. उलट, २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत संस्थेच्या ताब्यातील नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. संस्था असूनही नाश होतो आणि संस्था नसतानाही काही उरते, ते अशा एखाद्या घरामुळे.

परदेशातील उदाहरण याहून बोलके आहे. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १९२७ साली प्रदर्शित झाला आणि लगेच कापला गेला. कापलेला भाग ऐंशी वर्षे कोणाला सापडला नाही. २००८ साली अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयरेस शहरातील संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक झिजलेली प्रत निघाली. तेथील एका चित्रपट-समीक्षकाच्या खासगी संग्रहातून ती आली होती. तिच्या आधारे सुमारे २५ मिनिटांचा भाग मूळ जागी बसवून २०१० साली चित्रपट पुन्हा दाखवला गेला. त्या प्रतीवर ओरखडे होते, शीर्षके स्पॅनिश होती. पण तो भाग जगात दुसरीकडे कोठेही नव्हता.

अर्थात घरगुती प्रतीच्या मर्यादा विसरून चालणार नाही. व्हीएचएसचे चित्र धूसर, कडा कापलेल्या, वर विक्रेत्याचे नाव सरकत असलेले. वेळ वाचवण्यासाठी गाणीही गाळलेली. त्यामुळे प्रत पूर्ण आहे की नाही, हे तपासण्याची सवय लावावी. चित्रपटाच्या प्रारंभी दिसणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये दिलेली असते. ३५ मिलिमीटरची फीत मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. म्हणजे ३३०० मीटरचा चित्रपट दोन तासांचा असावयास हवा. मात्र पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रे दाखवली जातात, म्हणून तोच चित्रपट साधारण ११५ मिनिटांत संपतो. एवढी तूट ही काटछाट नव्हे; त्याहून अधिक तूट दिसली तर शंका घ्यावी.

आणि नाशाची गोष्ट सुरतकरांना वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला. तळमजल्यावरील घरांतून पुस्तके, छायाचित्रे आणि कॅसेटा चिखलासह बाहेर निघाल्या. चकती धुऊन पुसून कधी चालतेही. भिजलेल्या फितीला मात्र बुरशी धरते. जी घरे उंचावर होती तेथील फितीही निर्धास्त नाहीत, कारण पंचवीस-तीस वर्षांत फितीवरील चुंबकीय थर आपोआप सुटू लागतो. आता सर्व काही मोबाइलवर मिळते, हे समाधानही पुरेसे नाही. तेथील चित्रपट कराराची मुदत संपताच दिसेनासा होतो, आणि कोणती आवृत्ती दाखवायची हे आपल्या हाती नसते.

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा जुने कागद रुमालांत बांधलेले, वाळवी लागलेले, क्वचित वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला निघालेले असे होते. घरोघरी जाऊन त्यांनी ते मिळवले. कागदांच्या धन्यांना बहुधा त्यांचे मोल ठाऊक नव्हते. आजच्या कॅसेटांची गत याहून निराळी नाही. फरक इतकाच, की धनी अजून हयात आहेत आणि कोणती फीत कोणी, कोठून, कशासाठी आणली हे सांगू शकतात.

म्हणून प्रत्येक घराने एक साधी यादी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे. चित्रपटाचे नाव, भाषा, वर्ष, कंपनी, फितीची जात, प्रमाणपत्रावरील लांबी, आणि ती घरात कधी व कोणाकडून आली याची एक ओळ. लग्नाच्या, मुंजीच्या, मंडळातील नाटकांच्या फिती तर आधी नोंदवाव्यात. त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. कायद्याचे भान अर्थातच ठेवावे. आपल्याकडे चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ‘संत तुकाराम’ (१९३६) केव्हाच आणि ‘श्यामची आई’ (१९५३) २०१४ पासून त्या बंधनातून मोकळे झाले, जरी कथा-संगीताचे हक्क निराळे मोजावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीने, जवळ असलेल्या बिगर-डिजिटल प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे. आपल्या वाचनालयांनी तिचा लाभ घ्यावा.

नातवंडे देवनागरीपेक्षा गुजराती लिपी अधिक सहज वाचतात, अशी घरे आता आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यापर्यंत पणजोबांचे पत्र पोहोचायला कोणीतरी वाचून दाखवणारे लागेल. केशवरावांचा आवाज मात्र तसाच पोहोचेल. फीत शाबूत असली तर.