कॅमेरॉनबाईंचा फोकस

मागच्या चवथीला गावी गेलो होतो तेव्हा आतेचा एक फोटो काढला. नवाच कॅमेरा होता. पगाराच्या थकबाकीतून घेतलेला, म्हणून घरात अजून त्याच्यावरून बोलणी बसत होती. आते सोप्यावर बसून माटोळीची सुपारी निवडत होती. मी म्हटले, "आते, हांगा पळय." तिने पाहिले आणि मी कळ दाबली. कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर फोटो इतका देखणा दिसला की मी स्वतःवरच खूश!

पुढच्या आठवड्यात तो मोठा करून घ्यायला म्हापशाला एका जुन्या स्टुडिओवाल्यांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, फिल्मच्या काळापासून लग्ने आणि पासपोर्ट करत आलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो संगणकावर मोठा केला आणि विचारले, "बाबा, हिचे दोळे खंय आसात?" मी जवळ जाऊन पाहिले. डोळे धूसर होते. कानातली कुडी मात्र अशी लखलखीत आली होती की तिच्यातले मोती मोजून घ्यावेत. मग त्यांनी बोट थोडे वर नेले. आतेच्या डोक्यातून बरोब्बर मध्यावर अंगणातला माड उगवला होता. "आनी हो माड कोणे लायलो?"

हसलो खरा, पण वरमलोही. नवशिक्याच्या या दोन चुका जगभर सारख्याच असतात म्हणे. पन्नासचे भिंग पूर्ण उघडून माणसाच्या जवळ गेले की जेमतेम तीन-चार सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. नाक, डोळे आणि कान हे सगळे त्या पट्ट्यात मावत नाहीत. तेव्हा निवड आपण करायची, आणि आपण केली नाही तर ती यंत्र करते. माझ्या यंत्राने कुडी निवडली होती.

मार्चमध्ये आते गेली. तेराव्याला ठेवायला फोटो हवा म्हणून आतेभावाने सगळीकडे शोधाशोध केली. मतदार ओळखपत्रावरचा एक होता, पण त्यात ती तिच्यासारखी दिसतच नाही. शेवटी माझा तो चुकलेला फोटोच उरला. तो द्यावा की देऊ नये या विचारात त्या दोन-तीन रात्री गेल्या, आणि त्याच रात्री मी ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंविषयी हाती लागेल ते वाचून काढले. तिचे नाव पूर्वी फक्त ऐकले होते. फोकस चुकतो म्हणून तिच्याइतकी बोलणी छायाचित्रणाच्या इतिहासात क्वचितच कुणी खाल्ली असतील.

बाई जन्माने कलकत्त्याच्या. 1815 सालचा जन्म. वडील जेम्स पॅटल कंपनी सरकारच्या बंगालच्या नोकरीत होते. 1838 मध्ये कलकत्त्यातच चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी लग्न झाले. हे गृहस्थ कायदेपंडित, मेकॉलेच्या कायदा आयोगातले सदस्य, बायकोपेक्षा वीस वर्षांनी मोठे. लग्नाआधी 1836 मध्ये बाई प्रकृतीसाठी केप ऑफ गुड होपला राहिल्या होत्या. तिथे त्यांची ओळख खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांच्याशी झाली आणि ती जन्मभर टिकली. प्रकाशचित्र कागदावर पक्के करण्यासाठी 'हायपो' वापरता येतो हे 1839 मध्ये दाखवून देणारे ते हेच. 1842 मध्ये बाई कलकत्त्यात असताना त्यांनी या नव्या कलेचे नमुने तिकडे पाठवले होते. म्हणजे बीज हिंदुस्थानातच पडले. उगवायला मात्र एकवीस वर्षे लागली.

1848 मध्ये कुटुंब इंग्लंडला परतले, आणि 1860 मध्ये आयल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावात कवी टेनिसनच्या शेजारी घर घेतले. 1863 च्या डिसेंबरात नवरा सिलोनच्या कॉफीच्या मळ्यांवर गेलेला, मुले पांगलेली. आईला एकटे वाटू नये, थोडी करमणूक व्हावी, म्हणून मुलीने आणि जावयाने एक कॅमेरा भेट दिला. बाईंचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस. हे वाचले आणि मला फार बरे वाटले, कारण मी अजून त्या वयाला पोचायचा आहे.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे गळ्यात अडकवायची वस्तू नव्हे. लाकडी पेटी, पितळी भिंग, आणि सुमारे अकरा बाय नऊ इंचांची काच. काचेवर कोलोडियन हा चिकट द्राव ओतायचा, तिरपी करून तो सगळीकडे सारखा पसरवायचा, मग काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घ्यायचे. वाळण्याआधी ती अंधाऱ्या खोलीत धुऊनही काढायला हवी. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. धूळ बसली की डाग, बोट लागले की ठसा, ओतताना हात थरथरला की लाट. बाईंनी कोळशाच्या खोलीची अंधारी खोली केली आणि काचांनी मढवलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. कोंबड्यांचे काय झाले, तर त्यांना स्वातंत्र्य मिळाले, कुणाच्या पोटात गेल्या नाहीत, असे बाईंनी स्वतःच्या आठवणींत आवर्जून नोंदवले आहे.

पहिले चित्र त्यांनी स्वतःच्याच हाताने पुसून टाकले. गावातल्या एका शेतकऱ्याला ताशी अर्धा क्राउन देऊन बसवले, चित्र घेतले, आणि ओल्या काचेवरून चुकून हात फिरवला. पुढे दोन मुलांना बसवले तर एकाला ऐन वेळी हसू फुटले. मग एकाच मुलीला बसवून, तू हललीस तर गरीब बिचाऱ्या कॅमेरॉनबाईंची औषधे आणि मेहनत दोन्ही वाया जातील, अशी तिची समजूत घातली. ती मुलगी म्हणजे अ‍ॅनी फिलपॉट, तारीख 29 जानेवारी 1864. 'माझे पहिले यश' असे बाईंनी त्या चित्राला म्हटले. आनंदाने त्या घरभर धावल्या, अ‍ॅनीला द्यायला भेटवस्तू शोधत. चित्र तिने एकटीनेच घडवले असे त्यांना वाटत होते. त्याच दिवशी छापून, चौकट करून ते तिच्या वडिलांना पोचते केले. कॅमेरा आल्यापासून महिना-दीड महिनाच झाला होता. मला पहिल्या महिन्यात झाकण काढायचे लक्षात राहात नव्हते.

आणि आता फोकस. बाईंनी नंतर स्वच्छ कबूल केले आहे की सुरुवातीचा धूसरपणा म्हणजे योगायोग होता. भिंग पुढेमागे करत असताना डोळ्यांना सुंदर दिसेल अशा ठिकाणी त्या थांबत. बाकीचे छायाचित्रकार तिथून पुढे, अगदी काटेकोर स्पष्टतेपर्यंत जात, त्या गेल्या नाहीत. मोठी काच, माणूस जवळ, उजेड बेताचा आणि कित्येक मिनिटांचे उघडे भिंग, एवढे जमल्यावर माणूस श्वास घेतो हीसुद्धा अडचणच. बसणाऱ्याने चार-पाच मिनिटे न हलता राहायचे. आपल्याकडे जुन्या फोटोंत आजोबा रागावलेले का दिसतात याचे थोडेफार उत्तर इथे आहे.

1864 मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले, आणि पुढच्याच वर्षी सोसायटीच्या पत्रिकेने खरपूस समाचार घेतला. थोरामोठ्यांची फोकसबाहेरची चित्रे असे म्हणून वर मखलाशी केली, की बाईंच्या धाडसी वेगळेपणाला दाद द्यायला हवी, पण छायाचित्राचे बाकी सगळे गुण त्यापायी बळी गेले आहेत. त्याच वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात कलावंत खूश झाले आणि छायाचित्रकारांना हसू आवरेना, असे हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे. बर्लिनने 1865 मध्ये त्यांना कांस्यपदक दिले आणि 1866 मध्ये सुवर्णपदक. बाई स्वतः या टीकेबद्दल काय म्हणाल्या? तिची खरी किंमत ठाऊक नसती तर मी खचले असते, अशा अर्थाचे. हर्शेलना 31 डिसेंबर 1864 च्या पत्रात त्यांनी सरळ प्रश्नच टाकला, की फोकस म्हणजे तरी काय, आणि अमुक फोकस तेवढा वैध असे ठरवायचा अधिकार कुणाला?

हा प्रश्न आज फार मिरवला जातो. ज्याचा फोटो हलतो तो हेच म्हणतो. (मीही म्हापशात मनातल्या मनात म्हटले होते, खोटे कशाला बोला.) पण त्यामुळे बाई कुणाचेच ऐकत नव्हत्या असा समज होतो, तो चूक आहे. त्या ऐकत होत्या, फक्त कुणाचे ऐकायचे ते त्यांनी निवडले होते.

चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स हे त्यांचे गुरू म्हणावेत असे. आपले डागाळलेले, फसलेले छापही बाई त्यांच्याकडे मतासाठी पाठवत असाव्यात असे अभ्यासक मानतात. आपण कसे, चांगले तेवढे दाखवतो! वॉट्स यांच्या एका पत्रातला सल्ला तर मला पाठच झाला आहे. नातवाचे फोटो पाहून त्यांनी आधी छायेच्या चढउताराचे कौतुक केले आणि मग लिहिले, की पोराला पिवळसर कापडाचा सदरा शिवून घ्या, तो आकार नसलेला पांढरा डाग सगळे चित्र बिघडवतो, आणि चित्रकलेत जे चालत नाही ते छायाचित्रातही चालायचे नाही.

पिवळसरच का? कोलोडियनच्या काचेला निळा उजेड दिसतो, पिवळा जवळजवळ दिसत नाही. पांढरा सदरा त्या काचेवर भगभगीत येणार, पिवळा करड्या सावलीत उतरणार आणि नजर चेहऱ्यावर जाणार. माझ्या माडासारखीच ही गोष्ट. नजर जिथे जायला नको तिथे ओढून नेणारे काहीतरी चौकटीत शिरलेले असते, आणि ते ज्याने शिरवले त्याला दिसत नाही, कारण तो माणसाकडे पाहात असतो.

हर्शेलही सांभाळून घेणाऱ्यांतले. हातावरचे काळे डाग काढायला बाई पोटॅशियम सायनाइड वापरतात हे कळल्यावर त्यांनी काकुळतीने लिहिले, की हे भयंकर विष आहे, जरा जपा. आणि 1866 चे 'माउंटन निम्फ' हे चित्र पाहून तेच लिहितात, की ही मुलगी जिवंत आहे, कागदातून डोके बाहेर काढते आहे.

त्याच 1866 मध्ये बाईंनी पंधरा बाय बारा इंचांच्या काचेचा मोठा कॅमेरा आणि डॉलमेयरचे नवे भिंग घेतले. धूसरपणा ही निव्वळ अडचण असती तर इथे ती सुटायला हवी होती. उलट त्या आणखी जवळ गेल्या, डोकी जवळजवळ खऱ्या आकाराची होऊ लागली. 1867 मध्ये हर्शेलचे चित्र घेताना त्यांना केस धुवायला लावले आणि मग ते विस्कटले. काळ्या अंधारातून फक्त ते पांढरे केस आणि ते थकलेले डोळे बाहेर येतात. चार्ल्स डार्विनने 1868 मधले स्वतःचे चित्र पाहून, आजवर काढलेल्या सगळ्यांत हेच मला जास्त आवडते, असे लिहून दिले. टेनिसनने आपल्या चित्राला 'घाणेरडा संन्यासी' असे नाव दिले होते, तेही आवडीनेच.

एक गोष्ट आपल्यासाठी सांगायलाच हवी. लंडनच्या पटनी हीथवर आईबरोबर भीक मागणारी मेरी रायन ही आयरिश मुलगी बाईंनी घरी आणली, शिकवली, कामाला ठेवली आणि कॅमेऱ्यासमोर बसवली. 1865 मध्ये लंडनच्या कोलनागी गॅलरीतल्या प्रदर्शनात तिची चित्रे पाहून एक तरुण तिच्या प्रेमात पडला आणि 1867 मध्ये त्याने तिच्याशी लग्न केले. त्याचे नाव हेन्री कॉटन. पुढे आसामचे चीफ कमिशनर झालेले, आणि 1904 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले, तेच हे सर हेन्री कॉटन.

1869 मध्ये बाईंच्या निगेटिव्हवरचा थर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा तडकू लागला. तेव्हा त्या तडकलेल्या काचा घेऊन गेल्या कुठे, तर त्याच फोटोग्राफिक सोसायटीकडे. तिथे कुणी म्हणाले धुणे कमी पडले असेल, कुणी म्हणाले समुद्राकाठची दमट हवा. आपल्याकडे ज्याने एक पावसाळा भिंगे कपाटात ठेवली आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. ज्यांनी फोकसवरून फटकारले त्यांनाच रसायनाचे विचारायला बाईंना कमीपणा वाटला नाही, कारण रसायन त्यांना खरेच कळत होते.

1875 मध्ये नवरा-बायको सिलोनला कायमचे गेले. सोबत दोन शवपेट्या नेल्या होत्या आणि त्यांत चिनी मातीची भांडी भरली होती, अशी गोष्ट सांगतात. तिथे चित्रे थोडीच झाली. 1879 च्या जानेवारीत बाई तिकडेच वारल्या.

आतेचा फोटो मी दिला. देण्याआधी म्हापशाच्या त्याच गृहस्थांकडे पुन्हा गेलो. डोळे स्पष्ट करता येणार नाहीत, खोटे डोळे काढू नयेत, असे ते म्हणाले. माडासाठी मात्र त्यांनी चौकट कापून घेतली, वरून आणि डावीकडून, इतकी की आते आधी दिसते त्यापेक्षा खूप जवळ आली. पैसे विचारले तर हाताने नको म्हटले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पासपोर्टसाठी खुर्चीवर बसवले.

आता तो आतेच्या घरी सोप्यावर लावलेला आहे. आतेभावाची धाकटी मुलगी परवा म्हणाली, "आजी आमकां पळयता, पूण दिसना तिका." मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यायला आते शेवटपर्यंत तयार झाली नव्हती.