गेम पॅडलच्या जागी तापमापी

शंकुपात्रात 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 25 मिलीलिटर, वर ब्युरेटमध्ये तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड. 24 मिलीलिटर पडून गेलं तरी सामू तीनच्या आतच रेंगाळतो. मग 24.9 ला तो साधारण 3.7 होतो आणि 25.1 ला थेट 10.3. मध्ये पडतात जेमतेम चार थेंब! फिनॉल्फ्थॅलिन घालून बसलेल्या मुलांना त्यातली फक्त गुलाबी झाक दिसते. उडी दिसायची तर थेंबागणिक सामू मोजायला हवा आणि आलेखही तिथल्या तिथे उमटायला हवा.

सामूची कल्पना मांडली सोरेन्सन यांनी, 1909 मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. तो विजेवर झटपट मोजायची गरज मात्र पडली लिंबामुळे. कॅलिफोर्नियातल्या फळ उत्पादकांच्या संघाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. पण रस टिकवायला घातलेला सल्फर डायऑक्साइड लिटमसचा रंगच बिघडवत असे. 1934 मध्ये संघातले रसायनतज्ज्ञ ग्लेन जोसेफ आपल्या जुन्या वर्गमित्राकडे, आर्नल्ड बेकमनकडे गेले. काचेच्या इलेक्ट्रोडमधून येणारा विद्युतप्रवाह अगदी क्षीण. बेकमन यांनी तो निर्वात नळ्यांनी वाढवला आणि मजबूत, उचलून नेता येईल असं यंत्र बनवलं.

आलेख तिथल्या तिथे उमटवायला संगणक हवा, आणि शाळेत तो आला खेळासकट. 1977 च्या ॲपल टू संगणकाला गेम पॅडल जोडायची सोय होती, आणि पॅडल म्हणजे आत फिरणारा एक बदलता रोध, बस्स. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षकांनी नेमकं हेच हेरलं. थर्मिस्टरचा रोधही तापमानाबरोबर बदलतोच. मग पॅडल काढून तिथे थर्मिस्टर लावला की संगणक झाला तापमापी! थंड होणाऱ्या पदार्थाची उतरती रेषा, गोठताना तिचं सपाट होणं, सगळं पडद्यावर आपोआप उमटू लागलं. माझ्या मते या साऱ्या कुळातली सर्वात देखणी युक्ती हीच, कारण तिला महागडं उपकरण लागलं नाही.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या टर्क या संस्थेत रॉबर्ट टिंकर यांनी 1980 च्या दशकात या पद्धतीला आकार दिला. ‘मायक्रोकॉम्प्युटर-बेस्ड लॅबोरेटरी’ हे नाव रूढ झालं. ओरेगनमध्ये डेव्हिड व्हर्निअर हे भौतिकशास्त्राचे शिक्षक आणि पत्नी ख्रिस्टीन यांनी 1981 मध्ये शाळांसाठी अशी साधनं बनवणारी कंपनी काढली. 1990 च्या दशकात मेरी नाखलेह आणि जोसेफ क्रायचिक यांनी दर्शक, सामूमापी आणि संगणक अशा तीन तऱ्हांनी तेच टायट्रेशन करून घेतलं. आम्ल-आम्लारींची समज संगणकवाल्या गटात सर्वाधिक बदलली.

पडद्यावरची आभासी प्रयोगशाळा ही वेगळी शाखा. अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक मुंबई यांच्या ओलॅब्समध्ये नववी ते बारावीचे प्रयोग आहेत. जिथे ब्युरेटच नाही तिथे ती मोठा आधार आहे. पण तिथला थेंब चुकून जास्त पडत नाही, हातही ओला होत नाही.

संवेदकाच्या प्रयोगात आता थेंबही यंत्र मोजतं: पडणारा थेंब अवरक्त किरण अडवतो आणि आडव्या अक्षावर नोंद होते. तरीही तासाआधी शिक्षकांना 4 आणि 7 सामूच्या बफरमध्ये इलेक्ट्रोड बुडवून जुळवून घ्यावा लागतो, आणि तास संपल्यावर त्याचा काचेचा फुगा सुकू नये म्हणून साठवणीच्या द्रावणात परत ठेवावा लागतो.