उलट-सुलट टाक्यांचा इतिहास

मराठीतले ‘विणणे’ हे क्रियापद फार उदार आहे. घोंगडी विणतात, बाज विणतात, टोपली विणतात, मासेमारीचे जाळे विणतात आणि थंडीच्या तोंडावर नातवासाठी स्वेटरही विणतात. शब्द एकच असला तरी मागावर विणलेली घोंगडी आणि सुयांवर विणलेला स्वेटर यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे. घोंगडीत ताण्याचे उभे धागे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. प्रत्येक धागा जवळजवळ सरळ असतो, म्हणून कापड ओढले तर ते फारसे ताणले जात नाही. स्वेटरमध्ये ताणाही नसतो आणि बाणाही नसतो. तेथे एकच धागा फाशामागून फासा टाकत जातो. एका फाशातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. स्वेटर ओढला की धागा लांबत नाही, फाशांचा आकार बदलतो. सोडला की फासे पूर्ववत होतात. म्हणूनच डोक्यातून घातलेला स्वेटर पुन्हा अंगासरशी बसतो. आणि म्हणूनच एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी पडते व टोक ओढत गेल्यास अख्खा स्वेटर उसवून पुन्हा लोकरीचा गुंडा होतो.

या रचनेचा आणखी एक परिणाम आहे आणि या लेखाचा विषय मुख्यतः तोच आहे. मागावरच्या कापडाला अंगाचा आकार द्यायचा तर कात्री लागते. सुयांवरच्या विणकामात टाके वाढवून किंवा कमी करून, म्हणजे केवळ मोजणी करून, आकार देता येतो. या मोजणीवर एके काळी हजारो कुटुंबांची चूल पेटत होती. आज ती प्रामुख्याने हौशी विणकरांच्या हाती उरली आहे.

एक सुई की दोन?

इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे, अंगठा वेगळा असलेले मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातले मानले जातात. दिसायला ते आजच्या मोज्यांसारखेच असले तरी ते एकाच नेढ्याच्या सुईने, तुकड्या-तुकड्याने धागा ओवून केलेले आहेत. दोन किंवा अधिक सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे जुने नमुने, मुख्यतः सुती मोजे, इजिप्तमध्येच पण त्यानंतर अनेक शतकांनी आढळतात. पुढे स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात, १२७५ साली मरण पावलेल्या राजपुत्र फेर्नांदो दे ला सेर्दा याच्या थडग्यात, रेशमी धाग्याने अतिशय बारीक विणलेल्या उशा मिळाल्या.

या जुन्या नमुन्यांत केवळ सुलटे टाके दिसतात. उलट्या टाक्याचा एक प्रसिद्ध प्रारंभीचा पुरावा म्हणजे १५६२ साली वारलेल्या तोलेदोच्या एलेओनोरा हिचे फ्लॉरेन्समधील थडग्यातले मोजे. उलटा टाका म्हणजे सुलटा टाकाच, फक्त मागच्या बाजूने पाहिलेला. तरीही त्याचे महत्त्व मोठे आहे. सुलट टाका पुढून आणि मागून सारखा नसतो, त्यामुळे फक्त सुलट टाक्यांचा तुकडा कडेला गुंडाळत जातो. एक उलट, एक सुलट असे विणले की दोन्ही बाजूंचे ओढ समतोल होतात, पट्टी सपाट राहते आणि रबरासारखी ताणली जाते. स्वेटरची बॉर्डर व मनगट असे विणण्यामागचे कारण हेच.

मजुरीचे विणकाम

सोळाव्या आणि सतराव्या शतकात युरोपात हातविणीच्या मोज्यांना प्रचंड मागणी होती. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर हा धंदा इतका फोफावला की शेते ओस पडू लागली. १६०८ साली तेथे कायदा करून सुगीच्या दिवसांत विणकामावर बंदी घालावी लागली. आपल्याकडे ‘जर्सी’ म्हटले की गाय आठवते आणि खेळाडूचा सदराही आठवतो. दोन्ही नावे या एकाच बेटाची देणगी आहेत. (‘स्वेटर’ या शब्दाचे मूळ मात्र घामात आहे. एकोणिसाव्या शतकात खेळाडू घाम यावा म्हणून जाड लोकरी कपडा घालून सराव करीत.)

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर विणकाम बायकांचे होते. पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालतानाही त्यांच्या हातांत सुया असत. परंतु त्यांना रोख पैसे क्वचितच मिळत. व्यापारी शाल घेई आणि बदल्यात आपल्याच दुकानातला चहा व कापड देई. या पद्धतीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात या बायकांच्या साक्षी नोंदलेल्या आहेत. आज सुंदर कलाकुसर म्हणून वाखाणल्या जाणाऱ्या शेटलंडच्या जाळीदार शालींमागे हा उधारीचा फास होता, हे विसरता कामा नये.

पाद्र्याचे यंत्र

१५८९ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र बनवले. हाताने विणताना सर्व टाके एका सुईवर ओळीने असतात आणि एका वेळी एकच टाका विणला जातो. लीने प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडेदार सुई दिली. त्यामुळे संपूर्ण ओळ एका हालचालीत विणली जाऊ लागली. राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार नाकारला. हातविणकरांच्या पोटावर पाय येईल ही भीती त्यामागे होती, असे सांगतात. ली फ्रान्सला गेला आणि तेथेच विपन्नावस्थेत मरण पावला. यंत्र मात्र इंग्लंडमध्ये परतले आणि दोन शतकांत नॉटिंगहॅमच्या परिसरात घरोघरी पोहोचले.

१८११ साली याच भागातल्या यंत्रविणकरांनी यंत्रे फोडायला सुरुवात केली. इतिहासाच्या पुस्तकांत ‘लुडाइट’ म्हणून येतात ते हे लोक. ते यंत्राचेच वैरी होते असा समज रूढ आहे, पण ते स्वतः याच यंत्रावर जगत होते. त्यांची एक मुख्य तक्रार अशी होती की काही मालक रुंद यंत्रावर सपाट कापड विणून घेतात, कात्रीने त्याचे मोजे कापतात आणि शिवून स्वस्तात विकतात. असे मोजे शिवणीवर लवकर उसवत आणि टाके कमी-जास्त करून घडवलेल्या चांगल्या मोज्यांचा भाव पाडत. म्हणजे भांडण मजुरीचे होते, तसेच कात्री आणि मोजणी यांचेही होते. १८१२ साली यंत्र फोडणाऱ्यास देहदंड देणारा कायदा झाला. उमरावांच्या सभेत कवी बायरनने त्याला विरोध केला होता. पुढे १८६४ साली विल्यम कॉटनच्या यंत्राने टाके आपोआप कमी-जास्त करून अनेक नग एकाच वेळी घडवणे शक्य केले. हातविणीला पोटापाण्याचा धंदा म्हणून टिकणे त्यानंतर अधिकच कठीण होत गेले.

शेकडेवारीचा स्वेटर

धंदा खालावला तरी छंद उरला. विसाव्या शतकात मासिकांतले आराखडे पाहून ओळीमागून ओळ विणणे एवढेच या छंदाचे स्वरूप बहुधा असे. हिशेब आराखडा करणाऱ्याचा, हात विणणाऱ्याचे. ही परावलंबी स्थिती बदलण्याचे मोठे श्रेय एलिझाबेथ झिमरमन (१९१० ते १९९९) या बाईंना जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या झिमरमन अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झाल्या. १९७१ सालच्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकातून आणि दूरचित्रवाणीवरून त्यांनी विणणाऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: हिशेब तुम्ही स्वतः करा.

त्यांची शेकडेवारीची पद्धत गणिताच्या शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रथम निवडलेल्या लोकरीचा व सुयांचा एक चौकोनी तुकडा विणून इंचाला किती टाके बसतात ते मोजायचे. समजा ५ बसले आणि स्वेटरचा छातीचा घेर ४० इंच हवा आहे, तर ५ × ४० = २०० टाके. हे झाले १०० टक्के. बाकी सर्व मापे याच्या शेकडेवारीत: मनगट २० टक्के म्हणजे ४० टाके, बाहीचा वरचा घेर ३३ टक्के म्हणजे ६६, काखेत बाजूला ठेवायचे ८ टक्के म्हणजे १६, आणि गळा ४० टक्के म्हणजे ८०.

गोल सुईवर अंग आणि दोन्ही बाह्या अशा तीन नळ्या विणायच्या. काखेपाशी अंगाच्या दोन्ही बाजूंचे आणि दोन्ही बाह्यांचे १६-१६ टाके बाजूला ठेवून उरलेले टाके एकाच सुईवर घ्यायचे: २०० + १३२ − ६४ = २६८. येथून गळ्यापर्यंत तीनदा टाके कमी करायचे. पहिल्या वेळी दर चार टाक्यांचे तीन, दुसऱ्या वेळी दर तिनांचे दोन, तिसऱ्या वेळी दर पाचांचे तीन. २६८ चे २०१, २०१ चे १३४, आणि १३४ चे सुमारे ८०. म्हणजे बरोबर गळा! हा योगायोग नाही. ३/४ × २/३ × ३/५ = ३/१०, आणि १३४ टक्क्यांचे तीन दशांश म्हणजे ४०.२ टक्के. घेर कोणताही असो, उत्तर तेच.

पहिल्यांदा स्वेटर विणणाऱ्याचा घात बहुधा पहिल्याच पायरीवर होतो. नमुन्याचा तुकडा विणण्याचा कंटाळा केला आणि प्रत्यक्षात इंचाला ५ ऐवजी साडेचार टाके बसले, तर तेच २०० टाके ४० ऐवजी ४४ इंचांहून अधिक घेर देतात. तुकड्यातली चूक अर्ध्या टाक्याची, स्वेटरातली चार इंचांची. असा एक स्वेटर म्हणजे सुमारे ४९ हजार टाके. मिनिटाला ३० या गतीने २७ तासांचे काम. मापनातील त्रुटी गुणाकाराने कशी वाढते, याचे याहून बोलके उदाहरण प्रयोगशाळेतही सहज मिळणार नाही.

लोकरीच्या जत्रा

या हौशी विणकरांमुळे अमेरिकेत व ब्रिटनमध्ये एक नवी प्रथा रुजली आहे, ती म्हणजे लोकरीच्या जत्रांची. मेरीलँड राज्यातली मेंढी-लोकर जत्रा १९७४ साली सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यात ऱ्हाइनबेक येथे ऑक्टोबरमध्ये अशीच मोठी जत्रा भरते. तेथे जाताना नवा, स्वतः विणलेला स्वेटर घालून जायचा असा हौशी मंडळींचा रिवाज आहे. शेटलंडमध्ये २०१० पासून लोकर-सप्ताह साजरा होतो.

दुकानातून लोकरीची लडी घेणाऱ्याला मेंढी कधी दिसत नाही. जत्रेत गोठ्यात मेंढी, शेजारी तिची कातरलेली लोकर आणि त्यापुढे सूत, अशी सारी साखळी एका आवारात पाहायला मिळते. जाणकार लोकरीची बट दोन्ही हातांत ताणून कानाशी धरतात. तुटल्याचा आवाज आला तर मेंढी आजारी किंवा उपाशी असतानाची कमकुवत वाढ बटेत आहे असे समजतात. मेरिनो, रॉमनी, शेटलंड अशा जातींच्या लोकरी हाताळल्या की फरक बोटांना कळतो. मेरिनोचा तंतू साधारणपणे १५ ते २४ मायक्रॉन जाडीचा असतो. तंतू ३० मायक्रॉनहून जाड झाले की त्यांची टोके त्वचेला टोचू लागतात. लोकर ‘चावते’ म्हणतो ती याच कारणाने. ती अ‍ॅलर्जी असतेच असे नाही.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर अशीच जाडीभरडी. तिचा अंगालगतचा स्वेटर कोणी विणणार नाही, पण धनगराच्या खांद्यावर ऊन-पाऊस झेलणाऱ्या घोंगडीला तीच योग्य. लोकर चांगली की वाईट हा प्रश्न कामाचा उल्लेख केल्याखेरीज विचारताच येत नाही.

या जत्रांना आर्थिक बाजूही आहे. २०२० साली ब्रिटनमध्ये लोकरीचा भाव इतका कोसळला की अनेक शेतकऱ्यांची मेंढ्या कातरण्याची मजुरीही सुटेना. मोठ्या बाजारात सर्व लोकर वजनावर जाते. जत्रेत ती जातीच्या आणि कळपाच्या नावाने विकली जाते व चार पैसे जास्त देते. दुर्मिळ जाती पाळणाऱ्यांना हा मोठाच आधार आहे. शेटलंडच्या बायकांना न मिळालेली गोष्ट, म्हणजे आपल्या मालाची किंमत स्वतः सांगण्याची मुभा, येथे निदान काही प्रमाणात दिसते. मात्र २७ तासांच्या श्रमाचा मोबदला आजही कोणत्याच स्वेटरच्या किमतीत पुरता वसूल होत नाही. हौशी माणूस तो मागत नाही, इतकेच.

वर्गात करून पाहावे

जुन्या, टाकाऊ स्वेटरचे मनगट भिंगाखाली पाहावे. उलट व सुलट टाके ओळखावेत, इंचाला किती टाके आहेत ते मोजावे, मग मनगटाच्या एकूण टाक्यांचे छातीच्या टाक्यांशी प्रमाण काढावे. त्यानंतर वर्गातल्या वीस मुलामुलींची छाती, मनगट आणि गळा यांची मापे टेपने घेऊन प्रत्येकाची शेकडेवारी मांडावी. झिमरमनबाईंचे आकडे मोठ्या माणसांच्या सैलसर स्वेटरसाठी आहेत. बारा वर्षांच्या मुलांना २०, ३३ आणि ४० हेच आकडे चालतील की बदलावे लागतील, हे मुलांनी स्वतःच्या मापांवरून ठरवावे. कोणाच्या आजीला विणकाम येत असेल तर त्यांना त्या दिवशी वर्गात अवश्य बोलवावे. हिशेब तपासायला त्यांच्याइतके योग्य माणूस दुसरे मिळणार नाही.