रणजी करंडक स्पर्धेची रचना आणि स्पर्धात्मक समतोल

रणजी करंडक ही भारतीय क्रिकेट नियामक मंडळातर्फे घेतली जाणारी देशांतर्गत प्रथम श्रेणी क्रिकेट स्पर्धा आहे. इ.स. १९३४ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेची रचना अनेकदा बदलली आहे. साखळी फेरीतून बाद फेरीत किती संघ जावेत, ते कोणत्या गटांतून यावेत आणि दुबळ्या संघांना विजेतेपदासाठी खेळण्याची संधी कितपत मिळावी, हे प्रश्न या बदलांच्या केंद्रस्थानी राहिले आहेत.

महाराष्ट्र राज्यातून या स्पर्धेत तीन संघ उतरतात. मुंबई संघाने २०२३-२४ च्या हंगामात ४२ वे विजेतेपद मिळवले. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन वेळा, तर महाराष्ट्र संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असे दोन वेळा विजेतेपद मिळवले आहे. पालघर, बोईसर या भागातील खेळाडू मुंबईच्या संघाकडून खेळतात.

विभागीय पद्धत (१९३४ ते २००२)

पहिल्या हंगामात १५ संघ सहभागी झाले होते. संघांची विभागणी भौगोलिक होती. आरंभी उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग होते. १९५२-५३ मध्ये मध्य विभागाची भर पडली. १९५६-५७ पर्यंत विभागांतर्गत सामनेही बाद पद्धतीने होत. १९५७-५८ पासून विभागात साखळी सामने सुरू झाले आणि प्रत्येक विभागाचा केवळ विजेता संघ पुढील बाद फेरीत जाऊ लागला.

या पद्धतीत सर्व विभागांना समान प्रतिनिधित्व मिळे. परंतु एकाच विभागात दोन बलवान संघ असल्यास त्यांपैकी एक आधीच बाहेर पडे. पश्चिम विभागात मुंबईबरोबर महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र हे संघ होते. १९५७-५८ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला. त्यानंतर १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे मुंबई विजेती ठरली. या काळात पश्चिम विभागातील इतर संघांना बाद फेरीत जाण्यासाठी मुंबईच्या वर स्थान मिळवणे आवश्यक होते. याउलट मध्य विभागातील राजस्थानने १९६०-६१ ते १९७३-७४ दरम्यान आठ वेळा अंतिम सामना गाठला. त्यांपैकी सात वेळा त्याला मुंबईकडून आणि एकदा कर्नाटककडून पराभव पत्करावा लागला.

१९७०-७१ पासून प्रत्येक विभागातील पहिले दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. त्याच हंगामात मुंबई आणि महाराष्ट्र हे पश्चिम विभागातील दोन्ही संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. आधीच्या नियमानुसार असा सामना होणे शक्य नव्हते. विजय मुंबईचाच झाला. मुंबईची विजयमालिका १९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकने खंडित केली.

१९९२-९३ पासून प्रत्येक विभागातील तीन, म्हणजे एकूण १५ संघ बाद फेरीस पात्र ठरू लागले. त्या हंगामात पंजाबने महाराष्ट्राचा पराभव करून आपले पहिले विजेतेपद मिळवले. १९९६-९७ ते १९९९-२००० या काळात हे १५ संघ पाच-पाचच्या तीन गटांत पुन्हा साखळी सामने खेळत आणि प्रत्येक गटातील दोन संघ पुढे जात.

श्रेणी पद्धत

२००२-०३ मध्ये विभागीय पद्धत रद्द झाली. गुणवत्तेनुसार एलिट आणि प्लेट अशा दोन श्रेणी करण्यात आल्या आणि त्यांच्यात बढती व अवनतीची सोय ठेवण्यात आली. यामुळे साखळी सामने अधिक तुल्यबळ झाले. मात्र प्लेट श्रेणीतील संघाला त्या हंगामात करंडक जिंकण्याची संधी उरली नाही.

२००८-०९ मध्ये हा नियम शिथिल करण्यात आला. वरच्या श्रेणीतील सहा आणि प्लेट श्रेणीतील दोन अशा आठ संघांची बाद फेरी सुरू झाली. याचा सर्वांत मोठा लाभ राजस्थानला झाला. २०१०-११ चा हंगाम प्लेट श्रेणीत सुरू करून या संघाने अंतिम सामन्यात बडोद्यावर मात केली आणि पहिल्यांदा करंडक जिंकला. पुण्याचे हृषीकेश कानिटकर या संघाचे कर्णधार होते. पुढील हंगामात राजस्थानने विजेतेपद राखले, त्यामुळे हे यश केवळ सोप्या गटामुळे मिळाले नव्हते, हेही स्पष्ट झाले.

२०१२-१३ पासून अ आणि ब या समान दर्जाच्या गटांतून प्रत्येकी तीन व खालच्या क गटातून दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. २०१३-१४ मध्ये क गटातून आलेल्या महाराष्ट्राने उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला वानखेडे मैदानावर हरवले. पुढे अंतिम सामन्यात कर्नाटकने महाराष्ट्राचा पराभव केला.

२०१७-१८ मध्ये श्रेणी रद्द करून सात-सात संघांचे चार गट करण्यात आले. त्या हंगामात विदर्भाने दिल्लीला हरवून पहिले विजेतेपद मिळवले. फैज फझल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि मुंबईकडून दीर्घकाळ खेळलेले वसीम जाफर प्रमुख फलंदाज होते.

नव्या संघांचा समावेश

२०१८-१९ मध्ये बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी आणि ईशान्येकडील सहा राज्ये अशा नऊ संघांची भर पडली आणि संघांची संख्या ३७ झाली. पुढील हंगामात चंदीगडच्या समावेशाने ती ३८ वर गेली. नव्या संघांसाठी पुन्हा प्लेट गट करण्यात आला आणि त्यातील अव्वल संघाला उपांत्यपूर्व फेरीत स्थान देण्यात आले.

या तरतुदीचे निकाल एकतर्फी लागले. २०१८-१९ मध्ये उत्तराखंडचा विदर्भाकडून डावाने, तर २०१९-२० मध्ये गोव्याचा गुजरातकडून ४६४ धावांनी पराभव झाला. २०२१-२२ मध्ये प्लेट गटातील अव्वल नागालँडला उपांत्यपूर्व फेरीआधी झारखंडशी पात्रता सामना खेळावा लागला. झारखंडने पहिल्या डावात ८८० धावा केल्या आणि नागालँडचा डाव २८९ धावांत संपला. झारखंडने फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजी केली व एकूण आघाडी १,००८ धावांवर नेली. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील आघाडीवर झारखंड पुढे गेले.

२०२२-२३ पासून एलिट श्रेणीत आठ-आठ संघांचे चार गट व प्लेट श्रेणीत सहा संघ ठेवण्यात आले. प्रत्येक एलिट गटातील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जाऊ लागले. प्लेट श्रेणीची स्वतंत्र बाद फेरी झाली. तिच्या विजेत्याला बढती मिळते, पण त्याच हंगामात करंडकासाठी खेळता येत नाही. अवनती केवळ नव्या संघांपुरती राहिली नाही. दोनदा करंडक जिंकलेला हैदराबादचा संघ २०२३-२४ मध्ये प्लेट श्रेणीत होता. तेथे अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तन्मय अगरवाल यांनी १४७ चेंडूंत त्रिशतक झळकावून प्रथम श्रेणीतील सर्वांत वेगवान त्रिशतकाचा विक्रम केला.

गुणपद्धती आणि पात्रता

साखळी सामने चार दिवसांचे, तर बाद फेरीचे सामने पाच दिवसांचे असतात. निर्णायक विजयास ६ गुण मिळतात. तो डावाने किंवा दहा गडी राखून मिळवल्यास १ अधिक गुण दिला जातो. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला ३ व दुसऱ्या संघाला १ गुण मिळतो.

एका गटातील संघांच्या ताकदीत मोठी तफावत असल्यास पात्रतेवर तिचा कसा परिणाम होतो, याचे उदाहरण म्हणून २०२४-२५ मधील मुंबईचा गट पाहता येतो. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरकडून घरच्या मैदानावर हरल्यामुळे मुंबईची पात्रता धोक्यात आली. अखेरच्या साखळी सामन्यात पालघरजवळील माहीम गावचे शार्दूल ठाकूर यांनी मेघालयाविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि मेघालयाची अवस्था ६ बाद २ अशी झाली. मुंबईने हा सामना एक डाव व ४५६ धावांनी जिंकून पूर्ण ७ गुण मिळवले. तरीही पुढील मार्ग दुसऱ्या सामन्यावर अवलंबून होता. जम्मू-काश्मीरने बडोद्याला हरवले, तेव्हाच २९ गुणांसह मुंबई गटात दुसरी ठरली. बडोदा २७ गुणांवर थांबले.

पहिल्या डावातील आघाडीचा नियम

बाद फेरीतील सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरतो. २०२४-२५ मध्ये केरळने या नियमाच्या आधारे उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरला १ धावेच्या आणि उपांत्य फेरीत गुजरातला २ धावांच्या आघाडीवर मागे टाकून प्रथमच अंतिम सामना गाठला. नागपूर येथील अंतिम सामन्यात मात्र विदर्भाने ३७९ विरुद्ध ३४२ अशी आघाडी घेतली आणि अनिर्णित सामन्यानंतर करंडक जिंकला. या नियमामुळे दुबळ्या संघालाही एका चांगल्या डावाच्या बळावर पुढे जाता येते. दुसरीकडे, आघाडी घेतलेला संघ विजयासाठी प्रयत्न न करता वेळ काढतो, अशी टीका या नियमावर होते.

समतोलाचे स्वरूप

२०१६-१७ ते २०२१-२२ दरम्यान झालेल्या पाच हंगामांत गुजरात, विदर्भ, सौराष्ट्र आणि मध्य प्रदेश हे चार संघ आपापल्या नावाने प्रथमच विजेते झाले (२०२०-२१ मध्ये कोविड साथीमुळे स्पर्धा झाली नाही). या काळात स्पर्धेची रचना तीनदा बदलली, तरी नवे विजेते पुढे येत राहिले. यावरून समतोल केवळ बाद फेरीच्या नियमांवर ठरत नाही, असे दिसते. मैदाने, अकादमी, प्रशिक्षक आणि बाहेरून घेतलेले व्यावसायिक खेळाडू यांचाही त्यात वाटा असतो. मुंबईच्या यशामागे हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड आणि कांगा लीग यांसारख्या स्पर्धांची परंपरा आहे. पश्चिम रेल्वेने पालघरपासून मुंबईच्या मैदानांपर्यंत रोज प्रवास करणाऱ्या खेळाडूंनाही तिचा लाभ मिळाला आहे. २०२३-२४ च्या उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध ठाकूर यांनी १०९ धावा केल्या आणि विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही ७५ धावांची खेळी केली.

इतर स्पर्धांशी तुलना

इंग्लंडच्या काउंटी चॅम्पियनशिपमध्ये बाद फेरी नसते. गुणतक्त्यातील अव्वल संघ विजेता ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या शेफील्ड शील्डमध्ये पहिले दोन संघ अंतिम सामना खेळतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये संघांची संख्या मोठी असल्याने सर्वांना परस्परांशी खेळता येत नाही, त्यामुळे निवड समिती संघांचा क्रम ठरवते. तेथील बाद फेरी २०१४ च्या हंगामापासून चार संघांची होती, ती २०२४ मध्ये बारा संघांची झाली. त्या वर्षी पहिल्या फेरीत सूट मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले आणि आठवे मानांकन असलेले ओहायो स्टेट विजेते ठरले.

हे सुद्धा पहा

• मुंबई क्रिकेट संघ
• विदर्भ क्रिकेट संघ
• महाराष्ट्र क्रिकेट संघ
• शार्दूल ठाकूर
• दुलीप करंडक
• पालघर जिल्हा